मेक्सिकोचे पिरॅमिड बघायचेत, टूर कुठली घेऊ?

या महिन्यात वाचकांच्या पत्रांमध्ये मेक्सिकोचे प्रश्न खूप आलेत. विचारणारे बहुतेक अमेरिकेत राहणारे, नाहीतर मुलांकडे राहायला गेलेले आई-बाबा, आणि जवळपास सगळ्यांना मेक्सिको सिटीपासून साधारण ५० किलोमीटरवरचं तेओतिवाकान, म्हणजे ते पिरॅमिडांचं प्राचीन शहर, बघायचंय. म्हणून या वेळचा कॉलम पूर्ण त्यालाच दिलाय.

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसला असतो. नोव्हेंबरमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत, त्यांना घेऊन चार दिवस मेक्सिको सिटीला जाणार आहोत. तेओतिवाकानसाठी एक दिवस ठेवलाय, पण टूर शोधायला बसलं की डोकंच चालत नाही. एक मोठ्या बसची टूर आहे, स्वस्त आहे, त्यात ग्वादालूपेचं चर्च, त्लातेलोल्कोचे जुने अवशेष, एक वर्कशॉप, बुफे जेवण आणि मग पिरॅमिड. दुसरी सकाळी लवकर निघणारी आठ-दहा जणांची व्हॅन आहे, ती महाग. तिसरं म्हणजे फक्त आपल्यासाठी गाडी आणि गाईड. आईचे गुडघे दुखतात, बाबा इतिहासाचे शिक्षक होते, ते प्रत्येक बोर्ड वाचत बसणार, आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. काय घेऊ?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : घरात इतिहासाचे सर आहेत म्हटल्यावर मोठ्या बसची टूर मी लगेच बाद करते. त्या टूरचा कार्यक्रम नीट वाचून बघा, नुसती ठिकाणं नाही, वेळा बघा. सकाळी नऊच्या सुमाराला निघणार, त्लातेलोल्कोला अर्धा तास, चर्चला तास-दीड तास, मग दुकान, मग बुफे, आणि पिरॅमिडपाशी पोचेपर्यंत दुपार कलायला लागलेली असते, आणि ते ठिकाण संध्याकाळी पाचला बंद होतं. म्हणजे ज्यासाठी एवढ्या लांब आलात त्याला उरला दीड तास, फार तर दोन, तेही भर उन्हात आणि सगळ्या बसेस एकदम येतात त्या वेळेला.

त्यामुळे टूर कंपनीला मेसेज करताना किंमत नंतर विचारा, आधी एवढंच विचारा की गेटच्या आत आम्हाला किती तास मिळणार. "फुल डे टूर" वगैरे उत्तर आलं तर परत विचारा, जेवण आणि दुकान सोडून किती तास. तीनपेक्षा कमी सांगितले तर मी ती टूर घेणार नाही, कितीही स्वस्त असो. आकडा सांगायचं टाळत असतील तर मग विषयच संपला.

तीन तास कशाला, असं वाटेल. अहो, ते एक-दोन पिरॅमिडचं ठिकाण नाहीये, ते अख्खं शहर आहे. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत वाढलेलं, भरभराटीच्या काळात लाखाच्या आसपास वस्ती असलेलं, आणि साधारण सन ५५० च्या सुमाराला जळून नंतर ओस पडत गेलेलं. मधोमध सरळ रस्ता जातो, त्याला मृतांचा मार्ग म्हणतात, त्याचा मोकळा केलेला भाग दोन किलोमीटरपेक्षा जास्त आहे. दक्षिणेला पिसांच्या नागाचं देऊळ, मध्ये सूर्याचा पिरॅमिड, साधारण ६५ मीटर उंच आणि पायाची एकेक बाजू सव्वादोनशे मीटरच्या आसपास, आणि उत्तरेच्या टोकाला चंद्राचा पिरॅमिड. शिवाय म्युझियम, शिवाय भित्तिचित्रं. बाबांना बोर्ड वाचायचेत ना, मग हिशोब करा तुम्हीच.

आता आईंचा विचार. नकाशात तो रस्ता सपाट दिसतो पण दक्षिणेकडून सूर्याच्या पिरॅमिडकडे येताना मध्ये आडवे चौथरे आहेत, प्रत्येक ठिकाणी पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या, पायऱ्या उंच, कठडा नाही, गुडघ्यांना हा सगळ्यात मोठा त्रास, पिरॅमिड चढण्यापेक्षा सुद्धा. मोठ्या बसवाले बऱ्याचदा एका गेटला सोडतात आणि दुसऱ्या गेटला उचलतात, म्हणजे मधलं सगळं चालणं आलंच. त्या जागेला अनेक गेट आहेत आणि बाहेरून गाडीनं एका गेटहून दुसऱ्या गेटला जाता येतं. आपली गाडी असेल तर आधी गेट १ ला नागाचं देऊळ बघायचं, परत गाडीत बसायचं, गेट ५ ला सूर्याचा पिरॅमिड आणि म्युझियम, मग गेट ३ ला चंद्राचा पिरॅमिड. तिकीट मात्र दिवसभर जपून ठेवा, प्रत्येक गेटवर दाखवावं लागतं. बुकिंगच्या वेळीच स्पष्ट लिहा, आईंना चालता कमी येतं, गाडी गेट बदलत न्याल का, आणि त्यांचं "हो" लेखी घ्या.

पाच माणसांत खाजगी गाडी वाटली तर माणशी खर्च छोट्या व्हॅनच्या जवळपास येतो, कधी कधी थोडाच जास्त. तेव्हा तुमच्यासाठी तिसरा पर्याय. गाईड आणि ड्रायव्हर एकच आहे की वेगवेगळे हे पण विचारा, कारण काही ठिकाणी नुसता ड्रायव्हर पाठवतात, तो गेटपाशी सोडतो आणि "मी इथंच आहे" म्हणतो. तिकीट धरून किंमत आहे का हे पण विचारा.

निघायचं सकाळी सातला, उशिरात उशिरा. गेट उघडतानाच आत शिरलात तर पहिला तास-दीड तास खरंच शांत मिळतो. ती जागा समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या आसपास आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा जवळपास हजार मीटर वर, त्यामुळे सकाळी स्वेटर लागतो आणि अकरानंतर ऊन चावतं, सावलीला झाड नाही, आणि भराभर चाललं की धाप लागते. म्हणून मेक्सिको सिटीत उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, आई-बाबांना दोन दिवस हवेची सवय होऊ द्या. टोपी, पाणी, चांगले बूट. आणि रविवार टाळाच, त्या दिवशी स्थानिक लोकांना प्रवेश मोफत असतो, सगळी कुटुंबं येतात, येणारच, त्यांचीच जागा आहे ती, पण आईंना गर्दीत त्रास होईल.

चर्चचं म्हणाल तर ग्वादालूपेचं चर्च बघण्यासारखं आहेच, लाखो लोकांचं श्रद्धास्थान आहे, त्या चित्राखालून सरकत्या पट्ट्यावर उभं राहून दर्शन घेतात. पण ते शहरातच आहे, मेट्रो जाते, वेगळी अर्धी सकाळ काढून आरामात जा. पिरॅमिडच्या दिवसात कोंबू नका.

अजून एक, आणि हे बाबांसाठी अगदी मनापासून सांगते. आदल्या दिवशी मेक्सिको सिटीतलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय म्युझियम करा, सोमवारी बंद असतं. तिथल्या तेओतिवाकानच्या दालनात नागाच्या देवळाच्या दर्शनी भिंतीची प्रतिकृती उभी केलीय, रंगांसकट. आज साईटवर आपल्याला राखाडी दगड दिसतो, पण ते शहर मुळात चुन्याचा गिलावा केलेलं आणि रंगवलेलं होतं, लाल रंग तर सगळीकडे. ते डोळ्यांत भरून दुसऱ्या दिवशी गेलात की भिंतीच्या कोपऱ्यात राहिलेला लाल रंगाचा एवढासा पट्टा सुद्धा नजरेला पडतो, नाहीतर माणूस त्याच्या समोरून निघून जातो.

प्रश्न : टूरच्या पानावर सगळेच गाईड "एक्स्पर्ट" असतात. एका व्हिडिओत तर गाईड चक्क सांगत होता की हे पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले. चांगला गाईड आधीच कसा ओळखायचा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. कागदोपत्री बघायचं तर मेक्सिकोत पर्यटन खात्याकडून गाईडना ओळखपत्र मिळतं, फोटो असलेलं, गळ्यात घालतात. ते आहे का हे बुकिंगच्या वेळी विचारायला लाजू नका. पण ओळखपत्रावरून माणूस कसं सांगतो ते कळत नाही, त्यासाठी मी एक साधा प्रश्न मेसेजमध्ये विचारायला सांगते : हे शहर अझ्टेक लोकांनी बांधलं का?

"हो" आलं तर तो गाईड नको. अझ्टेकांनी आपली राजधानी वसवली ती १३२५ च्या सुमाराला, तोवर तेओतिवाकान जळून सात-आठशे वर्षं झाली होती. त्यांना ते भग्नावस्थेतच सापडलं, एवढं मोठं काम देवांचंच असणार असं त्यांना वाटलं, आज आपण वापरतो ती नावं त्यांनीच दिलेली. रस्त्याच्या कडेचे ढिगारे त्यांना थडगी वाटले म्हणून मृतांचा मार्ग, प्रत्यक्षात ती देवळांची आणि इमारतींची जोती होती. बांधणारे स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, कुठली भाषा बोलायचे, हे आजही नक्की माहीत नाही, आणि चांगला गाईड हे "माहीत नाही" सरळ सांगतो. मला तरी अशाच माणसावर जास्त विश्वास बसतो.

आणि परग्रहवाल्यांची गोष्ट ऐकली की मला खरंच वाईट वाटतं. चाकाची गाडी नाही, ओझी वाहायला जनावर नाही, धातूची हत्यारं नाहीत, आणि तरी माणसांनी पाठीवर माती-दगड वाहून हे उभं केलं. त्यांचं श्रेय काढून दुसऱ्याच कोणाला द्यायचं, हे बरोबर नाही. तिथं लोक चांगल्या भिंतींच्या वाड्यांसारख्या सामायिक घरांत राहायचे, अशी दोन हजारांवर घरं होती. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाकडून आलेल्या लोकांची वेगळी वस्ती होती, ते आपल्या पद्धतीनं आपली माणसं पुरायचे. घर सोडून दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे मुद्दाम सांगते, गाईडला त्या वस्तीबद्दल विचारा, त्याला माहिती असेल तर तो खुलतो.

चांगला गाईड जवळ नेऊन दाखवतो, हे पण लक्षात ठेवा. उदाहरणार्थ, भिंतीपाशी उभे राहिलात की दगडांच्या मधल्या चुन्यात लहान लहान खडे ओळीनं बसवलेले दिसतील. ते पुरातत्त्व खात्यानं मुद्दाम बसवलेत, जिथं खडे दिसतात तो भाग नंतर नव्यानं रचलेला, जिथं नाहीत तो मूळचा. ही एक गोष्ट कळली की पुढचं सगळं शहर वेगळ्या नजरेनं वाचता येतं. सूर्याच्या पिरॅमिडचं सुद्धा तेच, १९०५ ते १९१० मध्ये पुरातत्त्वज्ञ लेओपोल्दो बात्रेस यांनी तो घाईनं मोकळा केला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होणार होती ना, आणि त्यात बाहेरचा थर बराच खरवडला गेला, आज दिसतो तो आकार पूर्णपणे मूळचा नाही. हे न लपवता सांगणारा गाईड मिळाला तर त्याला टिप भरपूर द्या, तिथं टिप देण्याची पद्धत आहेच.

नागाच्या देवळाची हकिगत पण नीट सांगणारा हवा. त्याच्यासमोर नंतर एक चौथरा बांधला गेला आणि त्यामागे झाकलेली भिंत वाचली, म्हणून ती पिसांच्या कॉलरची नागाची डोकी आणि मधले शंख-शिंपले अजून इतके ठसठशीत आहेत. तिथं बळी दिलेल्या दोनशेपेक्षा जास्त माणसांचे अवशेष मिळाले. आणि २००३ मध्ये जोराच्या पावसानंतर देवळासमोर जमीन खचली, तिथून खाली एक भुयार सापडलं, ते साफ करायला पुढची कित्येक वर्षं गेली, आत हजारो वस्तू आणि चक्क पारा निघाला. भुयारात आपल्याला जाता येत नाही, पण वर उभं राहून ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो.

चंद्राच्या पिरॅमिडजवळच्या केत्सालपापालोत्ल वाड्यातल्या खांबांवर पक्षी कोरलेत, त्यांच्या डोळ्यांत काळ्या ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेच्या, चकत्या बसवलेल्या आहेत, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना त्या शोधायला लावा, रमतात.

प्रश्न : टूर न घेता स्वतः बसनं गेलो आणि गेटवर गाईड घेतला तर? आम्ही दोघंच आहोत, तिशीतले, स्पॅनिश अजिबात येत नाही.
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : जमेल की. तेर्मिनाल देल नोर्ते हा उत्तरेचा बस स्टँड, मेट्रोचं स्टेशन त्याच्या दारात आहे, तिथून पिरॅमिडच्या बसेस दिवसभर सुटतात, तासाभरात पोचवतात. बसवर "पिरामिदेस" लिहिलेलं बघा, कारण गावात जाणारी बस वेगळी. ओळखपत्रवाले गाईड गेटवर भेटतात, इंग्रजी बोलणारेही असतात, पण सकाळी लवकर गेलात तर थोडं थांबावं लागू शकतं, आणि भाव आधीच ठरवा, किती तास आणि कुठपर्यंत चालणार हे धरून. मला विचाराल तर तुमच्यासारख्यांना हाच रस्ता सगळ्यात चांगला, पैसे वाचतात आणि नंतर मनसोक्त रेंगाळता येतं. परतीची शेवटची बस कधी ते उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा. टॅक्सीच्या ॲपवर जाताना गाडी पटकन मिळते, येताना मिळेलच असं नाही.

प्रश्न : सगळ्या टूरमध्ये ते "ऑब्सिडियन वर्कशॉप आणि टकीला टेस्टिंग" का असतं? टाळता येतं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दुकानदार गाईडला कमिशन देतो म्हणून असतं. बाकी प्रात्यक्षिकाची पहिली पंधरा मिनिटं मला आवडतात, खोटं कशाला बोलू. घायपाताचं जाड पान घेतात, टोकाचा काटा दातानं किंवा सुरीनं सुटा करून ओढतात, तर काट्याला चिकटलेले लांब धागे तसेच बाहेर येतात, सुई आणि ओवलेला दोरा एकदमच. आपल्याकडे बांधाला लावतात त्या घायपाताच्याच जातकुळीतलं हे, मूळचं तिकडचं, त्यामुळे गावाकडच्या माणसाला बघताना फार मजा वाटते. ऑब्सिडियन म्हणजे लाव्हा झटकन गार होऊन झालेली काच, तेओतिवाकानचं वैभव बऱ्याच अंशी तिच्या व्यापारावर उभं होतं, पाचुकाजवळच्या खाणीतली हिरवट काच खास. तेव्हा विषयाशी संबंध आहेच. पण पंधरा मिनिटांनंतर दुकानातला एक तास सुरू होतो, तो आपल्या पिरॅमिडच्या वेळातून जातो. छोट्या ग्रुपच्या काही टूर "नो शॉपिंग स्टॉप" असं लिहितात, त्या घ्या. खाजगी गाईडला आदल्या दिवशीच सांगा, दुकान शेवटी आणि वेळ उरला तरच.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. टूरमध्ये लंच धरलेलं आहे, काय मिळेल?
— एक वाचक, सांगली (सध्या मुलाकडे, ऑस्टिन)

उत्तर : काकू, बुफेचे पैसे भरू नका, लंच नसलेली टूर घ्या. तिथं उकडलेले घेवडे शाकाहारी दिसतात पण बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. तीन शब्द पाठ करा : सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका, म्हणजे मांस नको, चिकन नको, चरबी नको. आसपासच्या छोट्या खानावळीत समोर तव्यावर करून देतात तिथं खा, निळ्या मक्याचं त्लाकोयो मिळतं, आत घेवड्याचं सारण, वरून निवडुंगाची भाजी आणि चीज, आपल्या जाड भाकरीसारखंच लागतं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया पण मागा, सांगलीच्या माणसाला फुलांची भाजी नवी नाही. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ठेवा, पण आत भग्नावशेषांवर बसून खाऊ नका, बाहेर गाडीशी खा.

प्रश्न : मुलांना पिरॅमिडवर चढायचंय. चढू देतात का? आणि हॉट एअर बलून घ्यावा का?
— एक वाचक, सिअ‍ॅटल

उत्तर : सूर्याच्या पिरॅमिडवर चढणं २०२० मध्ये कोविडच्या वेळी बंद झालं. चंद्राच्या पिरॅमिडचा पहिला टप्पा २०२५ मध्ये परत उघडला, तरी निघायच्या आदल्या दिवशी गाईडला विचाराच. जी टूर जाहिरातीत "सूर्याच्या पिरॅमिडच्या माथ्यावर चढा" असं अजून लिहिते तिनं आपलं पान कित्येक वर्षं बघितलेलं नाही, तिच्यापासून लांब राहा.

बलूनमधून सूर्योदयाला दिसणारं शहर अप्रतिम असतं यात वाद नाही, सरळ रस्ता, दोन पिरॅमिड आणि चंद्राच्या मागचा डोंगर एका नजरेत येतो. पण १ एप्रिल २०२३ ला तिथं एका बलूनला आग लागून दोघांचा जीव गेला होता, त्यामुळे स्वस्तातला बलून शोधू नका. मेक्सिकोच्या नागरी विमान खात्याची परवानगी आणि विमा, दोन्ही लेखी मागा. टोपलीत चढायला पाय उंच टाकावा लागतो, उतरताना धक्का बसतो, लहान मुलांना आणि गुडघेदुखीवाल्यांना नकोच. आणि वारा असला तर उड्डाण रद्द होतं, ते सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.

प्रश्न : आम्ही कॅनकूनला रिसॉर्टवर आहोत. तिथून तेओतिवाकान एका दिवसात होईल का, की चिचेन इत्झाच करावं? व्हिसा अमेरिकेचा आहे, चालतो ना?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : व्हिसा चालतो. अमेरिकेचा वैध, मुदत न संपलेला व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना फिरायला जायला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

कॅनकूनहून तेओतिवाकान नको, विमानानं दोन तासांच्या वर आणि पुढे रस्ता, दिवस वाया. चिचेन इत्झाच करा, ते मायांचं, अगदी वेगळी आणि नंतरची गोष्ट. पण तिथं सुद्धा टूर निवडायची पद्धत तीच, गेटच्या आत किती तास. साधारण २०० किलोमीटर आहे, एका बाजूला अडीच-तीन तास, त्यात सेनोतेमध्ये म्हणजे त्या गोड्या पाण्याच्या खोल कुंडात पोहणं, बुफे, वाटेवरच्या वायादोलिद गावात फेरफटका, आणि मूळ जागेला भर दुपारचे दीड तास. चढणं तिथं २००६ पासून बंद आहे, म्हणजे बघणं आणि ऐकणं हेच आहे, मग गाईड चांगलाच हवा. पिरॅमिडच्या पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, गर्दीत तो नीट ऐकूही येत नाही. म्हणून जमत असेल तर रिसॉर्टची एक रात्र सोडा, वायादोलिदला मुक्काम करा आणि सकाळी गेट उघडताना पोचा, तिथून तासाभराच्या आत आहे. हे नसेल जमत तर कॅनकूनहून पहाटे निघणारी आणि आधी चिचेन, मग सेनोते अशा क्रमानं नेणारी टूर घ्या. आणि एक घड्याळाची गोष्ट, कॅनकूनचं राज्य चिचेनच्या राज्यापेक्षा एक तास पुढे आहे, परतीच्या बसची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या.